रेडिओवर त्याचं नाव नको

त्याला ती बातमी ज्या माणसाने सांगितली, त्या माणसाला त्या वेळी धड बोलता येत नव्हतं.

तो गल्लीतला शिंपी. दाढेचं काम करून घ्यायला दवाखान्यात आला होता. इंजेक्शन देऊन झालं होतं, अर्धा जबडा सुन्न होता, गालात कापूस होता. डॉक्टर ट्रेमधलं काही घ्यायला वळली, टेबलाला धरून खाली बसली आणि मग आडवी झाली. दवाखान्यातल्या मावशींनी आधी हॉस्पिटलची गाडी बोलावली, मग ग्राउंडवर तिच्या नवऱ्याला फोन केला. "बाईंना चक्कर आलीय, तुम्ही लगेच या," एवढंच बोलल्या आणि डॉक्टरबरोबर गाडीत बसून गेल्या. कुठल्या हॉस्पिटलात, ते घाईत सांगायचं राहिलं. शिंपी मागे थांबला. उघडा दवाखाना टाकून जायचं कसं, म्हणून.

त्यामुळे नवरा आधी दवाखान्यातच आला. गोलकीपरच्या स्कूटरवर मागे बसून, खेळाच्याच बुटांत. फरशीवर बूट टकटक वाजले.

"कुठे आहे ती?" त्याने विचारलं.

"गेया," शिंपी म्हणाला.

"कुठे गेली?"

शिंप्याने मान हलवली. काउंटरवरच्या फोनकडे बोट दाखवलं. थोड्या वेळापूर्वी हॉस्पिटलातून मावशींचा फोन आला होता आणि तो त्यालाच घ्यावा लागला होता. "आई गेया," तो पुन्हा म्हणाला.

"कोणाची आई?"

शेवटी शिंप्याने गालातला कापूस काढला, दोन बोटांनी आपला खालचा ओठ धरला आणि एकेक अक्षर जुळवून म्हणाला, "बाई. बाई गेल्या."

तरीही त्याच्या डोक्यात शिरेना. पण शेजारी उभा असलेला गोलकीपर, जो जन्मात कधी गप्प बसला नव्हता, तो गप्प झाला. त्यावरून त्याला कळलं.

हा गुरुवार. रविवारी मॅच होती. क्लबने खास त्याच्यासाठी ठेवलेली, निरोपाची. जुने खेळाडू येणार होते, आणि ती येणार होती. यात काय विशेष, असं कोणालाही वाटेल. पण फुटबॉल खेळणाऱ्याची बायको असून तिने लग्नानंतर त्याची एकही मॅच पाहिली नव्हती. लग्नाआधी एकच पाहिली, आणि त्यात त्याने जे केलं ते कोणाला दाखवण्यासारखं नव्हतं. कप झाले, पदकं झाली, पेपरात फोटो झाले. तिने एकदा तरी आपल्याला नीट बॉल अडवताना बघावं, एवढी एकच हौस राहिली होती. आता ती रविवारी फिटणार होती.

या दोघांची ओळख झाली ती एका पडलेल्या दातामुळे.

तेव्हा तो क्लबचा नवा स्टॉपर होता. स्टॉपर म्हणजे मागच्या फळीतला मधला माणूस. त्याच्यामागे फक्त गोलकीपर. लहानपणी तो पुढे खेळायचा, गोल मारायचा. मग एका कोचने त्याची धाव पाहिली आणि म्हणाला, "तू मागे उभा राहा बाळा. तिकडे पाय कमी लागतात, डोकं जास्त लागतं." तो घरी जाऊन रडला आणि दुसऱ्या दिवशी मागे जाऊन उभा राहिला, तो कायमचाच. पुढे समोरच्या फॉरवर्डना त्याच्या बाजूने वाट मिळेना, म्हणून गोलकीपरने त्याचं नाव ठेवलं 'कुलूप'. नाव चिकटलं, कारण हा माणूस बोलायचाही तेवढंच. गोलकीपर मात्र सकाळी तोंड उघडायचा ते झोपल्यावरच मिटायचा. त्याला सगळे पोपट म्हणत.

एका मॅचमध्ये कॉर्नरला तो आणि समोरचा फॉरवर्ड दोघे उंच उडाले, त्या फॉरवर्डचं कोपर लागलं आणि कुलूपचा पुढचा दात गवतात पडला. पोपटने तो शोधून काढला आणि मॅच संपल्यासंपल्या त्याला ग्राउंडच्या मागच्या रस्त्यावर, नवीनच उघडलेल्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर त्याच्याच वयाची होती. तिने पोपटच्या हातातल्या कपात डोकावून पाहिलं.

"हा चहा आहे?"

"हो."

"दात चहात का ठेवलाय?"

"पडलेला दात दुधात ठेवायचा असतो म्हणतात," पोपट म्हणाला. "दूध नव्हतं. चहात दूध होतं."

"साखर?"

"दोन चमचे."

ती हसली नाही. फक्त ओठ आत दाबले आणि पाठ फिरवून हात धुवायला गेली. तिचे खांदे हलत होते, ते खुर्चीत आडव्या पडलेल्या कुलूपने पाहिलं. रक्ताने तोंड भरलेलं असतानाही त्याला वाटलं... ही वळावी. हसताना दिसावी.

ती वळली तेव्हा तोंड सरळ होतं. "गरम होता का चहा?"

"थंडगार. मधल्या सुट्टीतला उरलेला."

"नशीब तुमचं. तोंड उघडा." तो घाबरून दात आवळून पडला होता. "अहो, उघडा. नाव काय यांचं?"

"कुलूप," पोपट म्हणाला.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि या वेळी तिला हसू आवरलं नाही.

दात तिने धुऊन जागेवर बसवला, शेजारच्या दातांना तारेने बांधला. काम करताना म्हणाली, "बोलायचं नाही. एक बोट म्हणजे हो, दोन बोटं म्हणजे नाही. कळलं?"

एक बोट.

"दुखतंय?"

दोन बोटं.

"खोटं बोलताय."

जरा थांबून एक बोट वर आलं.

तार बघायला तिने त्याला पंधरा दिवसांनी बोलावलं होतं. तो आठव्या दिवशीच आला. तिने काही विचारलं नाही, खुर्चीत बसवलं, दिवा खाली ओढला. तिचे दोन्ही हात तोंडात असल्यावर काय बोलायचं, ही चिंता त्याला नव्हती. असा आराम त्याला कोणत्याच मुलीसमोर कधी वाटला नव्हता.

"नोकरी करता की नुसताच खेळता?" तिने विचारलं आणि मग स्वतःच म्हणाली, "हो-नाहीत बसत नाही हे. बरं, खेळावरच पोट आहे?"

एक बोट.

"घरी कोण? आई?" एक बोट. "वडील?" दोन बोटं. "अच्छा..." जरा वेळ ती नुसतंच काम करत राहिली. मग म्हणाली, "लग्न?"

दोन बोटं. जरा घाईनेच वर गेली.

"हे मी सगळ्यांना विचारते," ती म्हणाली.

काउंटरवरून मावशी म्हणाल्या, "मला नाही बाई कधी ऐकू आलं."

"मावशी, तुम्ही बाहेरचा दिवा लावा."

"लावलाय."

तार निघाली. दात पक्का बसला. आता यायचं कारण उरलं नाही. मग त्याची दाढ दुखू लागली. एकदा डावीकडची, पुढच्या वेळी उजवीकडची.

"मागच्या आठवड्यात डावीकडे दुखत होती," ती आरशाने बघत म्हणाली.

तो चूळ भरून म्हणाला, "सरकली."

"तुम्ही सरकत असाल मैदानावर. दाढा सरकत नाहीत."

"मग काय करू?"

"दवाखाना सात वाजता बंद होतो. शटर जड आहे, मला एकटीला ओढवत नाही. तेवढं करून द्यायला या. दाढेला त्रास नको."

शटर काही जड नव्हतं. मावशी रोज एका हाताने ओढायच्या. पण त्या दिवसापासून त्या सात वाजायच्या आधीच घरी जाऊ लागल्या.

मग संध्याकाळी शटर लावून दोघे पायरीवर बसायचे. ती विचारायची, तो सांगायचा. हळूहळू तो न विचारताही सांगू लागला. बॉल घेऊन कोणी अंगावर आलं की त्याच्या पायांकडे बघायचं नाही, डोळ्यांकडे तर मुळीच नाही. कमरेकडे बघायचं. पाय फसवतात, डोळे फसवतात, कमर जिकडे वळते तिकडेच माणूस जातो.

"माझं उलटं," ती म्हणाली. "मी डोळ्यांकडे बघते. तोंड सुन्न केलेलं असतं, ते काही सांगत नाही. दुखायला लागलं की आधी डोळ्यांत दिसतं."

"माझ्या डोळ्यांत काय दिसलं होतं?"

"भीती. एवढा मोठा माणूस आणि सुईला घाबरत होतात."

"अजून?"

"अजून जे दिसतं ते..." ती थांबली. रस्त्यावरून एक सायकल गेली. ती जाईपर्यंत ती तिकडेच बघत राहिली. "ते तुम्ही सांगायचं. मी का सांगू?"

तो बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत म्हणाला, "आमच्यात एक असतं. समोरचा आला की घाई करायची नाही. जो आधी पाय टाकतो तो फसतो. त्याला येऊ द्यायचं, आपण हळूहळू मागे सरायचं. तो चुकेपर्यंत."

"आणि दोघांनीही पाय टाकलाच नाही तर?"

त्याने विचार केला. "मग बॉल रेषेबाहेर जातो."

"कोणाचाच नाही?"

"कोणाचाच नाही."

"वा," ती म्हणाली, आणि उठून साडी झटकली. "चला, उशीर झाला."

घरी जाताना त्याला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं बोललो. काय, ते कळायला त्याला आठवडा लागला.

तोवर दुसरीच गोष्ट झाली. दूरच्या शहरातल्या मोठ्या क्लबने त्याला मागितलं. असा करार त्यांच्या क्लबमधल्या कोणालाच आजवर मिळाला नव्हता. आईने शेजाऱ्यांना सांगून टाकलं, पोपटने तर ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना सांगितलं. तिला त्याने स्वतः सांगितलं, पायरीवर.

"छान झालं," ती म्हणाली. "कधी निघणार?"

"ही शेवटची मॅच झाली की."

"छानच झालं," ती पुन्हा म्हणाली, आणि त्या दिवशी शटर तिने स्वतःच ओढलं. एका हाताने.

पोपटने त्याला ड्रेसिंग रूममध्ये गाठलं. "बोललास का तिच्याशी?"

"सांगितलं जातोय म्हणून."

"अरे ते नाही रे. दुसरं."

"ती काही म्हणाली नाही."

"ती काही म्हणाली नाही, तू काही म्हणाला नाहीस. कुलपावर कुलूप. बसा आता." आणि पोपट संध्याकाळी स्वतः जाऊन तिच्या हातात शेवटच्या मॅचचं तिकीट ठेवून आला. याला पत्ता नाही.

त्या दिवशी ग्राउंड ओलं होतं. आदल्या रात्रीपासून पावसाची भुरभुर चालू होती आणि बॉल उसळायचा सोडून घसरत होता. मॅच संपत आली होती, कोणाचाच गोल नव्हता. समोरून एक लांब बॉल आला, कुलूप आणि पोपट यांच्या बरोबर मध्ये. अशा वेळी एक साधा नियम असतो. ज्याला घ्यायचा त्याने ओरडायचं, "माझा!" ओरडला तो घेतो, दुसरा बाजूला होतो. कुलूप घरात गप्प, रस्त्यात गप्प, पण मैदानावर हा एक शब्द तो असा ओरडायचा की शेवटच्या बाकावर ऐकू जायचा.

बॉल येत होता आणि त्याची नजर सहज वर गेली. स्टँडमध्ये ती होती. दवाखान्यातून तशीच धावत आली असणार, अंगात पांढरा कोट होता. सगळ्या गर्दीत एवढा एकच पांढरा कोट.

तो ओरडला नाही. पोपट त्याच्या ओरडण्याची वाट बघत थांबला. तो पोपटच्या. बॉल दोघांच्या मधून घसरत आला, कुलूपच्या नडगीला लागला आणि अगदी सावकाश त्यांच्याच गोलमध्ये गेला.

सगळं स्टँड चिडीचूप झालं. त्या शांततेत एकच माणूस उठून टाळ्या वाजवत होता. पांढऱ्या कोटातला.

मॅच हरल्यावर तो मागच्या फाटकातून बाहेर पडला, तर ती तिथे उभी. केस भिजलेले, चेहरा कसनुसा.

"मला वाटलं गोल झाला," ती म्हणाली.

"झालाच."

"आपला ना?"

"नाही. त्यांचा."

"मग तुम्ही का मारलात?"

त्याला इतक्या वाईट दिवशी हसू आलं. त्याने तिला नियम समजावून सांगितला. बॉल कसा आला, कोणी ओरडायचं असतं, काय म्हणून ओरडायचं असतं.

"मग ओरडला का नाहीत?"

"तुम्ही दिसलात."

फाटकाच्या पत्र्यावरून पाण्याचे थेंब तिच्या बाहीवर पडत होते. ती बाजूला झाली नाही.

"मला बघून विसरलात?"

"हो."

"मग आता ओरडा. बॉल गेला. मी जायची आहे अजून."

त्याने खाली बघितलं. बुटाने चिखल उकरला. मग मान वर करून म्हणाला, "माझा."

"माझा?" तिने भुवया उंचावल्या. "मी बॉल आहे?"

"माझी..." त्याचे कान लाल झाले. "म्हणजे, तुमची इच्छा असेल तर."

"तुमची नाही, तुझी. माझा म्हणायचं आणि वर तुम्ही म्हणायचं, हे जमायचं नाही."

"तुझी इच्छा असेल तर."

तिने एक बोट वर केलं.

मागे सामान घेऊन उभा असलेला पोपट म्हणाला, "आता जरा बाजूला होता का? सगळी टीम खोळंबली आहे."

लग्न साधंच झालं. सह्या केल्या, जेवले, आणि चार दिवसांनी तो दूरच्या शहरात निघून गेला. तिचा दवाखाना नुकता चालू लागला होता, तो सोडून जावं असं तिला वाटत नव्हतं आणि त्यालाही तसं म्हणवत नव्हतं. एखादा सीझन काढू असं, मग बघू, असं ठरलं. एकाचे दोन झाले, दोनाचे चार.

तो तिकडे एका खोलीत राहायचा. खिडकीबाहेर पाण्याची टाकी, आत एक पलंग, एक खुर्ची आणि बर्फाच्या पिशव्या. त्याला मोठं नाव मिळालं. कॅप्टन झाला. सुट्टी मिळाली की घरी यायचा, पण सुट्टी मिळायची ती दोन मॅचच्या मधली. आल्याआल्या निघायचे वेध लागायचे. बसस्टँडवर ती त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावून द्यायची. ते लावलेलंच असायचं. आधी ती ते उघडायची, मग लावायची.

"मॅचला ये ना एकदा," तो दर वेळी म्हणायचा.

"नको रे बाबा. मी आले की तू आपल्यातच मारतोस."

"तो एकदाच."

"मला तर एकदाच बघितल्यावर तेवढंच माहीत. बूट काढ आणि घरी ये, मग बघेन. तेव्हा हरलास तरी कोणी काही बोलणार नाही."

मॅच ती रेडिओवर ऐकायची. दवाखान्यातच, आवाज बारीक करून. पेशंट खुर्चीत तोंड उघडून बसलेला आणि हिचा कान तिकडे. तिला पहिल्या वर्षीच एक गोष्ट कळली होती. रेडिओवरचा माणूस फॉरवर्डची नावं घेतो, गोलकीपरचं घेतो. स्टॉपरचं नाव तो घेतो ते काही तरी बिनसलं तरच. कोणी त्याला चुकवून गेलं, त्याला कार्ड दाखवलं, तो पडला आणि उठत नाहीये. तिचा नवरा उत्तम खेळत असला की त्याचं नाव रेडिओवर येतच नाही. लोकांच्या बायका नवऱ्याचं नाव ऐकायला आसुसतात. ही, नाव येऊ नये म्हणून देवाला विनवायची. मॅच संपली आणि नाव आलं नाही की तिचा जीव भांड्यात पडायचा.

"दातांचंही तसंच," ती एकदा फोनवर म्हणाली. "नीट असेपर्यंत कोणाला आठवतात का?"

"तुला मी आठवतो का?"

"तू दुखतोस रोज. न आठवून करू काय?"

मॅचनंतर तो फोन करायचा. जिंकले की हरले ते ती विचारायची नाही. एकच विचारायची, "सगळे आहेत?"

तो जिभेने दात चाचपून म्हणायचा, "सगळे आहेत."

"चहातला?"

"तोही."

मग दोघेही गप्प. फोन ठेवायचा कोणी, हा प्रश्न. दोघांपैकी कोणीच आधी पाय टाकायचं नाही. तिच्याकडे भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करायचं, ते त्याला ऐकू यायचं. त्याच्याकडे टाकीत पाणी पडायचं, ते तिला.

आपण दिवसभर काय करतो ते तिला दिसत नाही, हे त्याला फार लागायचं. एखाद्या मॅचमध्ये तो अगदी मनासारखा खेळायचा. फॉरवर्डने कमर वळवली की हा आधीच तिथे, पाय न टाकता, धक्का न देता, नुसता उभा. बॉल अलगद काढून घ्यायचा. लोक टाळ्या वाजवायचे नाहीत, कारण काही घडलेलंच नसायचं. त्याची नजर मात्र स्टँडमध्ये पांढरं काही दिसतंय का, ते बघून यायची. दिसायचं नाही हे माहीत असून.

शेवटी गुडघ्याने साथ सोडली. शेवटच्या मॅचला त्याला मधूनच बाहेर काढलं, आणि तो एका पायावर भार देत चालत गेला. तेव्हा रेडिओवर त्याचं नाव बराच वेळ घेतलं गेलं. तिने त्या दिवशी पेशंटला उद्या या म्हणून सांगितलं आणि शटर अर्धं ओढून आत बसून राहिली.

मग तो घरी आला. सामान घेऊन, कायमचा. इतकी वर्षं सुट्टीपुरता आलेला माणूस रोज घरात दिसू लागला, तर दोघांनाही सवय नव्हती. ती उठायची तर हा आधीच स्वयंपाकघरात. ती दिवा मालवायची तर हा वाचतोय.

"तू किती जागा घेतोस," ती म्हणायची.

"मागे सरू का?"

"सरलास तर बघ."

तो सकाळी जुन्या क्लबच्या मुलांना शिकवायचा आणि संध्याकाळी सात वाजता शटर ओढायला जायचा. गेली तीन वर्षं त्यांनी एकही संध्याकाळ चुकवली नव्हती. पायरीवर बसून बोलायचं, रस्ता बघायचा. घरी दोन खुर्च्या होत्या, पण बरं पायरीवरच वाटायचं.

निरोपाच्या मॅचची कल्पना पोपटची. आता तो क्लबच्या कमिटीत होता आणि दुप्पट बोलायचा. घरी येऊन म्हणाला, "वहिनी, या वेळी तुम्ही यायचं. नाही म्हटलंत तर मी तुमच्या दवाखान्यासमोर मॅच भरवीन."

तिने नवऱ्याकडे बघितलं. तो कपात बघत होता.

"येते," ती म्हणाली.

त्याने मान वर केली. "खरं?"

"बूट काढ मग बघेन म्हणाले होते ना. काढलेस. आता परत घालतोयस तर घाल."

त्या दिवसापासून तो मुलांचा सराव संपल्यावर एकटाच ग्राउंडवर थांबू लागला. गुडघ्याला पट्टा बांधून पळायचा, पोपटला बॉल टाकायला लावायचा. वय काय, गुडघा काय, पण त्याला तिच्यासमोर नीट खेळायचं होतं. बुधवारी रात्री जेवणं झाल्यावर ती ताट बाजूला सारून म्हणाली, "मला सांग, मी नक्की बघू काय? एवढी माणसं पळत असणार. मी पुन्हा भलत्याच वेळी टाळ्या वाजवीन."

"बॉलकडे बघू नको."

"मग?"

"सगळे बॉलकडे बघतात. तू उलटीकडे बघ. जिथे काहीच चाललेलं नाही, तिथे मी उभा असेन."

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग हात पुढे करून त्याच्या शर्टाचं वरचं बटण उघडलं आणि लावलं. "ते मला जमेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता.

रविवारची मॅच झाली नाही. क्लबने फाटकावर कागद लावला. जे जुने खेळाडू त्यासाठी आले होते, ते घरी भेटायला आले, खालमानेने बसले, चहा घेतला आणि गेले.

महिन्याभराने पोपट एकटा आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "कमिटीत विषय निघाला होता. मॅच घ्यायची आहे त्यांना. सगळे तयार आहेत. फक्त तारीख तू सांगायची."

त्याने पोपटचा रिकामा कप उचलून आत नेऊन ठेवला.

"अरे, वहिनींसाठी म्हणून खेळ. आम्ही सगळे येऊ की बघायला."

"तुम्ही बघितलंय," तो म्हणाला.

पोपटने तोंड उघडलं आणि मिटलं. जाताना दारात बूट घालत पोपटने पुन्हा विचारलं, "मग त्यांना काय सांगू?"

"सांगतो मी."

पोपटने त्यानंतर दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याने हेच उत्तर दिलं. तारीख त्याने अजून सांगितलेली नाही. तिने त्याला एकदाही बॉल अडवताना पाहिलं नाही. ते राहिलं.